रात्रीची तयारी

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला जाण्यापूर्वी आयोजकांनी एक वैद्यकीय दाखला भरून मागितला होता. तो घेऊन मी मुलुंडमधल्या आमच्या घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार, फिट्स, गुडघ्याची शस्त्रक्रिया, औषधांची ॲलर्जी अशी सगळी विचारपूस त्या अर्जात होती आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही अशी चौकट होती. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, पाठीला स्टेथोस्कोप टेकवून दीर्घ श्वास घ्यायला लावला, बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ९७ आला. सगळे ठीक दिसल्यावर ते सही करू लागले, तेव्हा मी आपणहून म्हटले, "डॉक्टर, मला स्लीप ॲप्निया आहे. रात्री सीपॅप लावून झोपते." स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, आणि सीपॅप हे त्यावरचे, नाकावरच्या मास्कमधून हवा देणारे यंत्र. त्यांनी अर्ज पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. झोपेविषयी त्यात एकही प्रश्न नव्हता. "ते झोपेचं आहे ना?" ते म्हणाले, "चालताना काही त्रास नाही ना, मग झालं तर." आणि त्यांनी सहीखाली शिक्का मारला.

ते वाक्य पुढे कितीतरी दिवस माझ्या मनातून जाईना.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जो कागद होता त्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सही केली. पण आपली ट्रेकची सगळी तयारीच दिवसाची असते, हे मला त्या वेळी पहिल्यांदा लख्ख जाणवले. आम्ही इमारतीचे जिने पाठीवर वजन घेऊन चढतो, रविवारी पहाटे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चालून येतो, एखादा शनिवार काढून कळसूबाई करतो, नवे बूट महिनाभर आधीपासून पायात घालून मऊ करतो. गुडघे, पोटऱ्या, दम यांचीच चर्चा. प्रत्यक्षात हिमालयातल्या अशा ट्रेकमध्ये चालणे दुपारी दोन-तीनपर्यंत संपते आणि संध्याकाळी सात-आठला माणूस अंथरुणात शिरतो तो सहापर्यंत उठत नाही. म्हणजे चालण्याहून अधिक तास आडवे पडून जातात, आणि रक्तातला प्राणवायू सर्वांत खाली जातो तोही त्याच तासांत. तरीही त्या तासांविषयी कोणी काही विचारत नाही. तीन हजार मीटरच्या वर नेणाऱ्या प्रत्येक अर्जात "तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडल्याचे कोणी सांगितले आहे का, दिवसा डोळे मिटतात का" एवढे तीन प्रश्न असायलाच हवेत, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या बाबतीत हे प्रश्न कोणी विचारले नाहीत म्हणूनच निदानाला इतकी वर्षे लागली. बँकेतल्या नोकरीच्या शेवटच्या काळात मी लेडीज स्पेशलमध्ये बसायला मिळाले की घाटकोपर यायच्या आत झोपत असे. सकाळी उठताना डोके जड, तोंडाला कोरड. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, नंतर तिची मात्रा वाढली. हे सगळे वयाचे, पाळी थांबल्याचे, लोकलच्या दगदगीचे म्हणून मी स्वीकारले होते. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमध्ये स्लीप ॲप्नियाचे प्रमाण वाढते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. हरिश्चंद्रगडावर आम्ही एकदा गुहेत मुक्काम केला होता. सकाळी चहाच्या वेळी कोणीतरी "रात्री ट्रॅक्टर कोण चालवत होतं?" असे विचारले आणि सगळे हसत हसत ग्रुपमधल्या दोन धिप्पाड पुरुषांकडे पाहू लागले. माझ्याकडे कोणी पाहिले नाही. मला मात्र मनातून कळले होते. घोरणारा पुरुष ही चेष्टेची गोष्ट असते. घोरणाऱ्या बाईविषयी चेष्टाही होत नाही, तिथे नुसतेच गप्प बसतात. नवऱ्याला विचारले तेव्हा तो बराच वेळ थांबून म्हणाला, "खूप वर्षं घोरतेस. मधेच श्वास थांबतो तुझा, मग मी हात लावून बघतो. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." त्याच्या या जपण्याने माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी रागही आला. अजूनही त्या दोन्ही भावना मला वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

तपासणीची रात्र लक्षात राहिली ती केसांतल्या चिकट जेलमुळे. डोक्याला, कपाळाला, हनुवटीला, पोटऱ्यांना तारा, छाती-पोटाभोवती पट्टे, नाकात नळी. अशात झोप कशी लागणार असे वाटत असतानाच लागली, आणि यंत्राने ताशी ३४ वेळा श्वास अडल्याची किंवा उथळ झाल्याची नोंद केली. ताशी तीसच्या वर गेले की त्याला तीव्र म्हणतात. मग सीपॅप आले. झोपेत घशाचे स्नायू सैलावून हवेची वाट मिटते, म्हणून नाकावरच्या मास्कमधून सतत सौम्य दाबाने हवा सोडून ती वाट उघडी ठेवायची, ही साधी कल्पना ऑस्ट्रेलियात सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडली आणि करून दाखवली. मास्कशी जुळवून घ्यायला मला वेळ लागला. नाकाच्या दांड्यावर वळ उठत, कडेने हवा सुटून डोळे कोरडे पडत. पण एक दिवस मी घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग अशी सगळी स्टेशने खिडकीतून जागेपणी पाहत घरी आले. रक्तदाबाची गोळीही पुढे कमी झाली. ट्रेकला पुन्हा सुरुवात केली ती या यंत्राच्या भरवशावर. ते घेऊन उंचावर जाता येते का, हा प्रश्न त्यातूनच आला.

दवाखान्यातल्या त्या वाक्याने अस्वस्थ होऊन मी माझ्या छातीविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कुठे चालणार हा नव्हता. कोणकोणत्या उंचीवर झोपणार, हा होता. मी मुक्कामांची यादी पुढे ठेवली : लुक्ला २८६० मीटर, नामचे ३४४०, डिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४०, गोरक्षेप ५१६४. त्यांनी पेन्सिलने त्यावर खुणा केल्या आणि शांतपणे समजावून सांगितले, की माझा आजार आणि उंचीवर कोणाचाही झोपेत थांबणारा श्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वर गेल्यावर त्या एकाच अंथरुणात भेटतात. माझ्या आजारात मेंदू श्वास मागत असतो, छाती-पोट धडपडत असते, पण घसा मिटलेला असतो. उंचीवर उलटे होते. घसा उघडा असतो, पण मेंदू काही क्षण श्वास मागतच नाही.

हे का होते, ते मला घरी येऊन पुन्हा पुन्हा वाचावे लागले. हवेतले प्राणवायूचे प्रमाण मुंबईत आणि बेस कॅम्पवर तेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि साडेपाच हजार मीटरच्या आसपास तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. मानेतल्या मोठ्या धमनीला लागून असलेली इवलीशी कॅरोटिड बॉडी ही उणीव ओळखते आणि श्वास वाढवते. श्वासाच्या नियमनात तिचे काम काय, हे उलगडल्याबद्दल बेल्जियमचे कॉर्नेल हेमन्स यांना १९३८ चे नोबेल मिळाले होते. जोराने श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो, आणि झोपेत श्वास घ्यायची आठवण करून देणारा मुख्य निरोप्या तोच असतो. तो खाली गेला की श्वास थांबतो. थांबल्यावर कार्बन डायऑक्साइड साठतो, प्राणवायू आणखी उतरतो, आणि मग एकदम मोठमोठे श्वास सुरू होतात, तेही पुन्हा गरजेपेक्षा जास्त. आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीची पातळी वॉचमनला उशिरा कळते, त्यामुळे पंप सुरू होतो तोवर टाकी रिकामी झालेली असते आणि बंद होतो तोवर ती वाहू लागलेली असते; हे तसेच आहे. इटलीचे शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॉन्टे रोझा पर्वतावर निरोगी माणसांच्या झोपेतला हाच चढउतार नोंदवून ठेवला होता. म्हणजे ही कोणाची व्यक्तिगत खोट नव्हे.

डॉक्टरबाईंनी मला ॲसिटाझोलामाइड, म्हणजे ट्रेकर ज्याला डायमॉक्स म्हणतात ती गोळी, सकाळ-संध्याकाळ १२५ मिलिग्रॅम घ्यायला सांगितली. ही गोळी मूत्रपिंडाला बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक बाहेर टाकायला लावते, त्यामुळे रक्त किंचित आम्लतेकडे झुकते आणि मेंदूकडून श्वासाची मागणी चालू राहते. स्लीप ॲप्निया असलेल्या ५१ जणांना स्वित्झर्लंडमध्ये १६३० आणि २५९० मीटर उंचीवर झोपवून केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या स्वयंचलित सीपॅपपेक्षा सीपॅप आणि ही गोळी यांचा एकत्र उपयोग अधिक झाला होता. सल्फा औषधांची ॲलर्जी आहे का, हे त्यांनी दोनदा विचारले आणि गोळी आधी मुंबईतच दोन दिवस घेऊन पाहायला लावली. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या आणि लघवीला सारखे उठावे लागले, एवढेच झाले. झोपेच्या गोळ्या आणि मद्य यांना त्यांनी सक्त मनाई केली, कारण दोन्ही घसा सैल करतात आणि श्वासाची ओढ मंदावतात. ही माझ्यापुरती, माझे अहवाल पाहून दिलेली योजना आहे. वाचणाऱ्याने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच आपली ठरवावी.

यंत्राची तयारी त्याहून किचकट निघाली. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत ८५०० फुटांपर्यंतच, म्हणजे सुमारे २५९० मीटरपर्यंत, दाबाची हमी दिली आहे, आणि लुक्लाच त्याच्या वर आहे. विरळ हवेत तेवढाच दाब निर्माण करायला आतल्या पंख्याला अधिक वेगाने फिरावे लागते. एका मर्यादेपुढे तो कमी पडू शकतो. तरीही न लावण्यापेक्षा लावणे बरे, कारण घसा तिथेही मिटणारच, असा डॉक्टरबाईंचा निर्णय होता. दुसरा प्रश्न विजेचा. विमानात लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, आणि १०० वॉट-अवरच्या आतली असली तर वेगळी परवानगी लागत नाही. मी त्या मर्यादेच्या आतली बॅटरी घेतली आणि घरी मेन स्विच बंद करून पाहिले. हवा गरम आणि दमट करणारा भाग चालू ठेवला तर ती मध्यरात्रीच संपत होती. तो काढून ठेवला तर रात्र निभावत होती. म्हणून पाण्याचे भांडे घरीच राहिले. कोरड्या हवेसाठी नाकात लावायचे सलाइन जेल घेतले. लुक्लाच्या छोट्या विमानात माणशी सामान साधारण पंधरा किलो, त्यातले अडीच किलो यंत्र, बॅटरी, नळी आणि जास्तीचा मास्क यांतच गेले. एक जाड स्वेटर कमी केला.

नामचेला पहिल्या संध्याकाळी खोलीत मी यंत्राची पिशवी उघडली तेव्हा माझे हात अडखळत होते. खोलीत माझ्याबरोबर डोंबिवलीची एक मैत्रीण होती; सह्याद्रीत आम्ही पुष्कळ फिरलो होतो, पण नाकावर मास्क आणि त्याला जोडलेली लांब नळी अशा अवस्थेत तिने मला कधी पाहिले नव्हते. तिने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "ताई, तुझ्या उशीकडचा प्लग सैल आहे, माझ्या बाजूचा घे." मग आम्ही खाटा बदलल्या. इतके साधे होते ते. नामचेत वीज भरपूर असते. वर जसजसे जावे तसतशी ती सौरपत्र्यांवर येते, प्लग खोलीतून जेवणघरात जातो आणि चार्जिंगचे तासावर पैसे लागतात. रोज दुपारी पोहोचल्याबरोबर बूट सोडण्याआधी मी बॅटरी काउंटरवर देत असे. आमचा शेर्पा गाइड तिच्याकडे लक्ष ठेवून असे आणि भरली की "दिदी, रातको मशीन रेडी" असे सांगत येई. रात्री बॅटरी, मास्कची रबरी गादी आणि ऑक्सिमीटर हे सगळे माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये येत असे, कारण थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि गादी कडक होऊन कडेने हवा सुटते. नळीही बॅगेच्या आतूनच घेतली, म्हणजे नाकात येणारी हवा थोडी उबदार होते. डायमॉक्समुळे रात्री दोनदा तरी उठावे लागे. मास्क काढा, डाउन जॅकेट चढवा, गोठलेल्या कॉरिडॉरमधून जाऊन या, पुन्हा मास्कचे पट्टे कानामागे बसवा. हे कंटाळवाणे होते आणि ते रोज नीट करणे हेच मुख्य काम होते.

डिंगबोचेला आमचा एक दिवस विश्रांतीचा होता. टेकाडापलीकडे फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे आरोग्यकेंद्र आहे आणि हंगामात तिथले डॉक्टर दुपारी ट्रेकरांना उंचीच्या आजारांविषयी समजावून सांगतात. आम्ही ते ऐकायला गेलो. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा फार वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर करावा, बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतरावे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. झोपेतले श्वासाचे थांबे त्यात येत नाहीत. ते दमवतात, घाबरवतात, पण फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्याची गोष्ट वेगळी आणि घातक.

त्याच रात्री मला जाग आली ती शांततेमुळे. मी मास्क काढून पडून राहिले. लॉजच्या भिंती प्लायवुडच्या असतात, त्यामुळे दोन्हीकडच्या खोल्यांतले सगळे ऐकू येते. मैत्रिणीचा श्वास चालू होता; तीन-चार श्वास, प्रत्येक आधीच्याहून खोल, मग हळूहळू उथळ, मग काहीच नाही. मी मनात मोजू लागले. बारापर्यंत आले असताना तिने एकदम हवा ओढली आणि पुन्हा तोच क्रम सुरू झाला. भिंतीपलीकडे आमच्या गटातला सर्वांत तंदुरुस्त मुलगा, मॅरेथॉन धावणारा, त्याचेही तेच चालले होते. खोलीत मला पुन्हा तो हरिश्चंद्रगडाचा चहा आठवला. नवरा अंधारात हात लावून पाहत असे म्हणजे त्याला काय वाटत असेल, हे मला त्या रात्री प्रथमच कळले, कारण मैत्रिणीचा श्वास थांबला की माझा हात नकळत तिच्या पांघरुणाकडे जात होता. थोड्या वेळाने ती दचकून उठली आणि घाबरून म्हणाली, "छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतंय." बसल्यावर तिला धाप नव्हती, खोकला नव्हता, डोके दुखत नव्हते, बोटावरचा आकडा ८४ होता आणि माझाही तेवढाच. मी तिला समजावून सांगितले, पंपाची गोष्टही सांगितली. ती ऐकता ऐकता झोपली. मला बराच वेळ झोप आली नाही, पण त्या जागेपणात भीती नव्हती. एका मोठ्या एकटेपणातून बाहेर आल्यासारखे वाटत होते.

लोबुचेला पोहोचल्यावर मी एक निर्णय घेतला, त्याची रुखरुख अजून आहे. बाकीचे गोरक्षेपला मुक्काम करून पहाटे काळापत्थरवरून एव्हरेस्टवरचे पहिले ऊन पाहणार होते. गोरक्षेपला विजेचा भरवसा नव्हता, माझ्या बॅटरीत एका रात्रीपुरतीच वीज होती आणि मला तिथे मास्कशिवाय झोपायची तयारी नव्हती. गाइडशी बोलून असे ठरले, की मी पहाटे लवकर निघून बेस कॅम्प करावा आणि झोपायला लोबुचेला परत यावे. उंच चढावे आणि खाली झोपावे, हा नियम गिर्यारोहक नेहमीच पाळतात. मी तो जरा कडकपणे पाळला. तो दिवस फार लांबचा झाला. खुंबू हिमनदीच्या कडेच्या दगडगोट्यांतून परतताना गटातले लोक गोरक्षेपच्या लॉजमध्ये सूप पीत होते, त्यांनी खिडकीतून हात केला, आणि मी आणखी तीन तास चालत राहिले. काळापत्थरचा सूर्योदय मी पाहिला नाही. मैत्रिणीने फोटो दाखवले तेव्हा सुंदर आहेत असे म्हटले आणि वाईटही वाटले. दोन्ही खरे होते. तरी पुन्हा तशीच वेळ आली तर मी हेच ठरवीन.

परत आल्यावर डॉक्टरबाईंनी यंत्रातले कार्ड संगणकाला लावले. माझे यंत्र घसा मिटून झालेले थांबे आणि घसा उघडा असूनही झालेले थांबे वेगवेगळे नोंदवते. नामचेपर्यंत दोन्ही थोडे होते. डिंगबोचेपासून दुसऱ्या प्रकारच्या रेघा दाट होत गेल्या, पहिल्या प्रकारच्या मात्र मुंबईइतक्याच राहिल्या. बाईंनी पेन्सिल फिरवत म्हटले, "हे तुमचं, ते आपण आवरलंय. आणि हे डोंगराचं." मग पुढच्या वर्षी लडाखमधल्या मार्खा खोऱ्यात जायचा विचार मी त्यांच्यापुढे मांडला. मुंबईहून विमानाने काही तासांत साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला उतरून त्याच रात्री झोपणे त्यांना पसंत नाही. श्रीनगरहून रस्त्याने निघून कारगिलला मुक्काम करत जा, असे त्या म्हणाल्या. कारगिल २७०० मीटरच्या आत आहे, त्यामुळे मला ते पटले. होमस्टेमध्ये सौरविजेवर माझी बॅटरी भरता येईल का, ते मी आता फोन करून विचारते आहे.

डोंबिवलीच्या मैत्रिणीनेही घरी येऊन नवऱ्याला आणि मुलीला विचारले. तिचे थांबे डोंगरातून खाली आल्यावरही गेले नव्हते, मुलीच्या ते लक्षात आले होते, आणि रक्तदाब दोन गोळ्यांनीही आवरत नाही. येत्या शनिवारी रात्री तिची झोपेची तपासणी आहे. मी तिला सांगितले आहे, की केस आदल्या दिवशी धुऊन ये आणि तेल लावू नकोस, नाहीतर तारा चिकटत नाहीत. जेल दुसऱ्या दिवशी कोमट पाण्याने निघते, पण वेळ लागतो. रविवारी सकाळी तिला घ्यायला मी जाणार आहे.